उजव्या माइकमधले गुरुजी

मी पदवीधर झालो तो सदाशिव गुरुजींमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजचा अर्ज गुरुजींनी स्वतः भरला आणि वडिलांची सही घ्यायला ते आमच्या घरी आले. शाळा सांभाळून ते कीर्तनं करत. निवृत्तीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याआधी एकदा उभा राहतो." वारज्यात आमच्या सोसायटीशेजारच्या मारुती मंदिरात ते शेवटचं कीर्तन झालं. रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे होतं; डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन माइक होते.

ते मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑपरेशननंतर. गुरुजी नमनाला अगदी हळू सुरुवात करत. त्या हळू आवाजावर मी रेकॉर्डिंग यंत्राची पातळी लावली होती आणि मग डोळे मिटून बसलो होतो. पुढे मृदंग चढला, झांजा आल्या, गुरुजी रंगात आले, आणि तिथपासून त्यांचा आवाज फुटून पत्र्यासारखा खरखरत होता. देवाच्या दारात झालेली चूक देवानेही सावरू नये, याचा मला राग आला. शिवाय न ऐकताच मी गुरुजींना "छान आलंय" असं सांगून बसलो होतो.

बुधवार पेठेत रशीदभाईंचं जुन्या कॅसेट आणि रेकॉर्डिंग दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्यांनी पडद्यावर आधी डाव्या माइकमधल्या आवाजाच्या लाटा दाखवल्या. प्रत्येक लाटेचा माथा कोयत्याने छाटल्यासारखा सपाट. ते पाहताना दुःख जरा मागे पडलं आणि कुतूहल वाटू लागलं.

"या माथ्यांवर काय होतं?"

"ते तुमच्या गुरुजींनाच ठाऊक. कमी आलेला आवाज वाढवता येतो साहेब, छाटलेल्याला नुसतं रफू." मग त्यांनी उजव्या माइकची रेघ मोठी केली. बारीक होती, पण जवळजवळ सगळी शाबूत. "हा माइक कोणी लावला?"

"दोन्ही मीच लावले."

"छे. हा लावणाऱ्याला अक्कल आहे."

घरी येऊन चौकशी केली. कीर्तनात पुढे बसलेल्या, शेजारच्या माई म्हणाल्या, "मीच सरकवला खांबाआड. बुवांचं तोंड दिसेना. तुला विचारलं असतं तर तासभर शास्त्र सांगत बसला असतास."

खांबाआड आवाज दबून पोचला, म्हणून तिथे तो फुटला नाही. याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मी नेमकं मोजूनमापून ठेवलं तिथे आवाज फुटला, आणि जे माझ्या हाताबाहेर गेलं तिथे गुरुजी सापडले, एवढंच मला दिसतं. आपलं काम करून झालं की हात मागे घ्यायला तेव्हापासून शिकतो आहे. रेकॉर्डिंगसोबत गुरुजींना हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार.

छान आलंय म्हणालो ते खोटं होतं. पातळी मी चुकवली. माईंनी माइक हलवला म्हणून आणि रशीदभाईंनी आठ दिवस खपून तो आवाज वर आणला म्हणून कीर्तन वाचलं. शेवटच्या गजरात मात्र एक ओळ दोन्ही माइकमध्ये फुटली आहे. तिथे रशीदभाईंचं यंत्र अंदाजाने आवाज भरून देत होतं. मी नको म्हटलं. तुमच्या गळ्यातून न आलेला स्वर तुमच्या नावावर ठेवायला मन धजलं नाही. तेवढी जागा फुटकीच ठेवली आहे. तिथे तुम्ही काय म्हणत होतात, ते लिहून कळवाल का?