युगांडा की फिजी, आणि मधे आमची गल्ली

"…युगांडा न्हाय तर फिजी, ते तुमचं तुम्ही बघा. पण अक्कांना आता हितं ठेवायचं न्हाय, मी स्पष्ट सांगि…"

एवढ्यात आमच्याच कुकरनं शिट्टी मारली! पुढचं ऐकूच आलं नाही.

भिंतीपलीकडं रंजना नवऱ्याशी बोलत होती. मी काही कान लावून बसत नाही. पण भिंतच पातळ असली तर माणसानं करावं काय? किस्से असे आपल्या पायानं घरात येतात, बसतात, आणि मग उठायचं नाव घेत नाहीत.

रंजना म्हणजे शेजारच्या अक्कांची सून. अक्कांचा विलास युगांडात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. दोघं बरीच वर्षं तिथंच कॉलनीत राहतात. यंदा सुट्टीला आली ती डोक्याला भुंगा लावूनच. फिजीच्या कारखान्यानं विलासला बोलावलंय. सुट्टी संपायच्या आत काय ते कळवायचं. जावं की राहावं? आणि पंचाहत्तरी गाठलेल्या अक्का? त्या इथं कोल्हापुरात घरात एकट्या!

मी ऐकलेलं अर्धं वाक्य भाजीवालीच्या गाड्यापर्यंत जाता जाता पुरं झालं : "रंजी सासूला वृद्धाश्रमात टाकतीया!" पुरं कुणी केलं, ते विचारू नका.

*

फिजीबद्दल गल्लीत सगळ्यांनाच माहिती होती. फिजी कुठं आहे, एवढं सोडून!

तुकातात्या बिद्रीच्या साखर कारखान्यातनं रिटायर झालेले. त्यांनी विलासला कट्ट्यावर बसवून घेतलं.

"ऊस हाय का गा तिथं?"

"हाय की तात्या, लय हाय."

"पाऊस?"

"आपल्यापेक्षा जास्त."

"आणि म्हैस?"

विलास जरा घुटमळला. "म्हैस… तशी दिसत न्हाय."

तात्यांनी टोपी झटकली आणि उठले. "मग जायाचा इचार तरी कशाला करतोयस?"

*

रंजना पहिल्यांदा युगांडाला निघाली तेव्हा तिला इंग्रजी म्हणजे 'येस', 'नो' आणि 'थँक्यू'. तेही एकटीच गेलती. विलास आधीच पोचला होता. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅगेतली कांदा-लसणाची चटणी बाहेर काढली. "ही लाल पूड कसली?"

सांगायला शब्द कुठले? हिनं चिमूटभर त्याच्याच तळहातावर ठेवली. त्यानं चाटली. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी!

"मॅडम, हे तुम्ही खाता?"

"येस."

"रोज?"

"येस."

त्यानं बॅगेची चेन स्वतः लावून दिली आणि म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा."

आता तीच रंजना तिथल्या बाजारात त्यांच्याच भाषेत घासाघीस करते. आम्हाला अजून पुण्यात रिक्षावाल्याशी बोलायला होत नाही!

*

रंजनाच्या तिकडच्या शेजारणीचं नाव ग्रेस. ती आणि अक्का व्हिडिओ कॉलवर बोलतात. अक्का आपल्या बोलीत, ग्रेस तिच्या बोलीत. मधे कुणी नाही. एकदा मी बघितलं, दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणजे ग्रेसचा पदर नव्हता, रुमाल होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अक्का, काय म्हणत होती?"

"सुनंचं गाऱ्हाणं सांगत हुती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सुनंचं बोलताना सासूचं तोंड कसं होतंय, ते मला कळायचं न्हाय व्हय?"

रंजना स्वयंपाकघरातनं ओरडली, "म्हाईत असणारच की, आरशात बघताय रोज!"

*

विलासनं मोबाईलवर अक्कांना फिजी दाखवलं. सगळीकडं निळं, आणि मधे ठिपके.

"ह्या ठिपक्यावर ऱ्हायाचं? पाणी चढलं तर?"

"वादळं येतात अक्का. पण सरकार आधी सांगतंय."

"पंचगंगा बी सांगूनच येती की. म्हणून पुरात जिन्यात चूल मांडायची चुकली का?"

*

सुट्टी संपत आली. एक दिवस रंजना आणि विलास पायरीवर मिरच्यांची देठं खुडत होती. मी सहज जाऊन बसले. अगदी सहज.

"काय ठरलं गं?"

"फिजीला न्हाय म्हणून कळवलं, काकू."

"का? चांगलं मोठं पद होतं म्हणे!"

"इमानं लय बदलायला लागत्यात."

"तुला गं कधीपासनं इमानाचा त्रास?"

रंजनानं हसत पुढची मिरची उचलली. विलासकडं बघितलं तर तोही मान खाली घालून गालातल्या गालात हसत होता. पद सोडलेला माणूस असा दिसत नाही. मला काही उमगेना.

दुसऱ्या दिवशी वाटी परत द्यायच्या निमित्तानं आत गेले. सोप्यात नवी बॅग उघडी, आणि अक्का त्यात स्वतःची लुगडी रचत होत्या! वर स्वेटर. म्हणजे ऐकलेलं खरं निघालं! मी डोळ्याला पदर लावला.

"अक्का, खरंच आश्रमात निघाला व्हय हो?"

अक्कांनी लुगड्याची घडी मोडू दिली नाही.

"व्हय गं शोभे. जरा लांब हाय आश्रम. इमानानं जावं लागतंय."