मुलोंगो सरांचा तिसरा नियम

वेबुये गावातल्या आमच्या शाळेत इंग्रजी निबंध म्हणजे मुलोंगो सर. नुसतं 'सकाळ झाली' लिहिणारं पोर त्यांच्या घशात मक्याच्या कोरड्या उगालीच्या घासासारखं अडकायचं. "वाक्याला दागिने घाला रे, लग्नाला निघालंय ते!" नटवी वाक्यं ते वर्गाकडून घोकून घ्यायचे. अर्धं सरांनी म्हणायचं, उरलेलं वर्गानं. मीही त्याच तालमीतला. आता शेजारच्या वर्गात गणित शिकवतो; तेवढीच अलंकारांपासून सुटका.

मग पोरांच्या हातात एआय आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आपापल्या वर्गाचे नियम करा. सरांनी मोठा कागद फळ्याशेजारी चिकटवला. पहिले दोन नियम ठीक होते. तिसरा असा : भाषा फार नटवी दिसली, तर निबंध यंत्राचा समजावा. गुण शून्य.

पहिली सापडली ती नांजाला नावाची मुलगी. तिचा निबंध त्याच दुपारी काउंटीच्या स्पर्धेला जायचा होता. सरांनी यादीतून तिचं नाव खोडलं आणि तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"बाईसाहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, सर."

"एवढीशी पोर असं लिहिते? ऐका रे! 'दिवसाचा राजा सोनेरी झगा घालून उठला...'"

आणि सवयीनं थांबले.

"'...आणि पाखरं त्याचे भाट झाली!'" अख्खा वर्ग गरजला. पत्र्याच्या भिंतीपलीकडून माझा वर्गही. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

हशा पिकला. मी त्यांच्या दारात जाऊन पाहिलं, तर सरांची मान खाली.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मग शून्य तिला की तुम्हाला?"

"मला," सर म्हणाले. आता कुणी हसलं नाही. "नांजाला, नाव तूच परत लिही, पोरी. माझा हात आज भरवशाचा नाही."

तिनं डोळे पुसून नाव लिहिलं. सरांनी तिसऱ्या नियमावर काट मारली.

"आता इथं काय लिहू? तूच सांग."

"संशय आला तर आधी विचारावं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि एकांतात विचारावं."

सरांनी लिहिलं. 'एकांतात' या शब्दाशी बराच वेळ रेंगाळले, वर्गाकडे पाठ करून.