शेवंताबाईला दिलेलं उत्तर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली, तेव्हा वाटलं आता सुटलो — पण सुटलो कुठं? म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तावन्न सालची निवडणूक. यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हंगामी होतो. कापूस असेतोवर काम, मग घरी. पुढच्या वर्षी मुकादम बोलावील की नाही — कुणाला ठाऊक? त्या वेळी आमच्यातलाच ग्यानबा उभा राहिला. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा माणूस. सगळ्यांना बारमाही काम मिळावं, एवढंच त्याचं म्हणणं. जिनिंगचे मालक शेटजी; त्यांचा उमेदवार अर्थातच दुसरा होता.

तेव्हा पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. कुणाच्या मताची चिठ्ठी कुठल्या पेटीत पडली ते शेटजींना कळतं, अशी हूल मुकादमानं उठवली होती. कामावरच्या बायांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. माझ्यावर होता — मी चार बुकं शिकलेला. मुकादमानं मला बाजूला घेतलं. कुणी विचारलं तर हो म्हण, तुला बारमाही करतो. मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं? कळत होतं.

दुपारच्या सुट्टीत शेवंताबाई आली. जिनावर कापूस घालायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी.

"भाऊ, तुमी शिकलेले. शेटजीले खरंच समजते काय?"

"समजते," मी म्हणालो.

बाकीच्या बाया ऐकत होत्या. भाकरी तशीच बांधून ती उठली.

मतदानाला पडद्याआड मी एकटा. ग्यानबाची पेटी समोर — आणि हात पुढं जाईना. कोण पाहत होतं? कुणीच नाही. चिठ्ठी शेटजींच्या माणसाच्या पेटीत टाकली.

ग्यानबा पडला. फाटकापाशी त्यानं विचारलं, "आपल्याच लोकायनं मले काहून नाही देल्लं?" सगळे खाली बघत उभे. मीही. शेवंताबाई तेवढी बोलली, मुकादमादेखत — "म्या तं तुमालेच देल्लं. जाते काम तं जाऊ द्या."

पुढच्या हंगामात दोघांनाही बोलावणं आलं नाही. मी बारमाही झालो. म्हातारा होईतो त्याच फाटकातून आत गेलो, बाहेर आलो.

शेटजींना कळतं, हे तिनं खरं मानलं होतं — आणि तरी दिलं. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मी दिलं नाही.