बारवेतून वर आलेलं पातेलं

मी लग्न होऊन कळंबजवळच्या त्या गावात गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि गावाला प्यायच्या पाण्याची एकच बारव होती. पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत, पुरुष तिथंच चुळा टाकत, म्हशींनाही कुणी अडवत नसे. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या पायातून नारू निघाला, पांढऱ्या दोऱ्यासारखा लांब जंत. तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत ते ओसरीवर बसत अन् साऱ्या गावाला शिव्या देत.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तट्टावरून आले. बारवेत डोकावून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"नारू ह्याच पाण्यातून येतो. घाण कोण करतं?"

पाटलांनी म्हशीवाल्यांकडं बोट केलं. म्हशीवाले म्हणाले, बायका धुणं धुतात. बायका म्हणाल्या, पुरुष थुंकतात. सासरे लंगडत पुढं झाले. "आमच्या घरातनं एक काडी पडली न्हाय बारवेत." मी पदर आणखी पुढं ओढला.

"मग गाळ काढा," डॉक्टर म्हणाले. "तोच सांगंल."

दोन दिवस मोटा चालल्या. पाणी उपसल्यावर पाट्यांनी गाळ वर येऊ लागला. चपलांचे तळ, कुजलेले हार, म्हशीच्या गळ्यातली घंटा. पाटलांच्या हुक्क्याची नळी निघाली तेव्हा पाटील म्हणाले, "चोरानं टाकली आसंल." मग एक तांब्याचं पातेलं आलं. शाळेच्या मास्तरांनी गाळ पुसून त्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. नाव सासऱ्यांचं होतं.

सगळे सासऱ्यांकडं बघू लागले. सासरे सासूबाईंकडं, अन् सासूबाई माझ्याकडं.

"आत्याबाई, पुरण लागलं होतं," मी म्हणाले. "तळाचं करपलेलं निघंना, म्हणून बारवेत टाकलं."

"अन् कल्हईवाल्यानं नेलं म्हणालीस ते?" सासूबाईंनी विचारलं. "दोन वर्सं म्या त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला."

आधी पाटील हसले, मग सगळेच. सासरे मात्र पाय लांब करून खाली बसले आणि पाट्या पुढं देऊ लागले. त्यानंतर कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. मीही पदर खोचून रांगेत शिरले. सासूबाई शेजारीच होत्या; संध्याकाळपर्यंत प्रत्येक पाटी त्यांनी माझ्या हातात आदळली.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून, कुणाचा पाय पाण्यात पडू नये म्हणून, खालच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या आणि वर राहाट बसवला. दोरानं आमच्या हाताला फोड आले, त्याबद्दल बायकांनी डॉक्टरांना महिनाभर बोल लावला. राखणीच्या पाळ्या लागल्या. सासऱ्यांची पाळी असली की ते पहाटेच काठी घेऊन जाऊन बसत. एकदा पाटील दात घासत, तोंडात पाणी भरून तिथं आले.

"पाटील, चूळ घरी," सासरे म्हणाले.

पाटलांना उत्तर द्यायचं होतं, पण देता येईना. गाल फुगवून ते तसेच सबंध गल्लीतून घराकडं चालत गेले.