कापण्यासाठी नेसलेलं लुगडं

आमच्या घरात माझ्या हातची पूर्ण झालेली वस्तू शोधायची तर जरा वेळ लागेल. नवऱ्याच्या स्वेटरची पाठ तयार आहे, पुढचा भाग अजून सुयांवरच लटकलाय. आपल्याकडं थंडी ती केवढी, हात चालायला लागेपर्यंत पंखे सुरू होतात. हे येता-जाता म्हणतात, "पाठ तर दे, पुढून मी टॉवेल बांधतो." म्हणू देत. पण बाहेरचं कुणी आलं आणि "कोणासाठी करताय एवढं?" असं विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझ्यासाठी करते, बाई. माझे डोळे, माझी लोकर. तुम्हाला काय त्रास आहे?

त्या हिवाळ्यात मी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घातली होती. उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटचा हॉल तो केवढा, खुर्च्या भिंतीला लावल्या तेव्हा कुठं ती सरळ पसरली. खाली अस्तर, त्यावर जुन्या साड्यांचे थर, वरती ठिगळं, आणि चारी कोपऱ्यांवर नवऱ्याचे धूळ खात पडलेले डंबेल्स, कापड सरकू नये म्हणून. कडेकडेनं टाके घालत मध्याकडं यायचं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, दिवाणावर बसून पहारा द्यायच्या. "टाका मोठा पडला. उसव." मी म्हणायची, "आत्या, ही माझी वाकळ आहे." त्या म्हणायच्या, "व्हय, पण बघणारीचे डोळे माझे हायेत ना." सासरे गेल्यावर देवगाव रंगारीहून त्यांना आम्ही इकडं आणलं, तेव्हापासून हे असंच चाललंय. एकमेकींशी भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही.

तर त्याच दिवसांत लासूर स्टेशनहून फोन यायला लागले. तिथं आत्यांचा धाकटा भाऊ राहतो, आमचे मामा. एकुलता एक भाऊ. मामांनी अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळतं. मामांची सून फोनवर म्हणाली, "वहिनी, दार वाजलं की विचारतात, आक्का आली का. तुम्ही आणा ना त्यांना."

आणा म्हणायला सोपं आहे. बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. आमच्यात नवरा गेला की तेराव्याला बाईचा भाऊ माहेरून लुगडं घेऊन येतो, ते तिला नेसवतात आणि तिचा दुखवटा सुटतो. सासरे गेले त्या दिवशी मामा मातीला आले होते. तिथं गर्दीत त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही की पाणी विचारलं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मरणाच्या घरात कोण कुणाचा मानपान बघणार! पण गेले रुसून. तेराव्याला स्वतः आलेच नाहीत, लुगडं दुसऱ्याच्या हाती पाठवून दिलं. आत्यांनी पिशवी न उघडताच परत पाठवली. सगळ्या भावकीसमोर. मग याला राग आला, मग हिला राग आला, आणि वर्षं गेली. दोघंही एका मातीची.

फोन ठेवून मी आत्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकतच नव्हत्या असं तोंड करून बसल्या. मी म्हणाले, "उद्या जाऊन येऊ." तर म्हणाल्या, "तो आला व्हता का माझ्याकडं? मी नाय जाणार." मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "तूच सांग तिला." आमच्या घरातले पुरुष असेच, आईसमोर वाचा जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी आपली ट्रंक उघडली आणि तळातून एक इरकल लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. वांगी रंगाचं, लाल काठाचं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सासरे असताना शेवटच्या भाऊबीजेला मामांनी दिलेलं. पुढं सासरे गेले, भांडण झालं आणि ते तसंच पडून राहिलं.

"हे घाल वाकळीत," त्या म्हणाल्या.

"आत्या, डोकं ठिकाणावर आहे का? भावाचं लुगडं आहे हे."

"म्हणून तर. काप. आज काप. पायाखाली घेऊन निजते."

तिकडं तो माणूस दाराकडं डोळे लावून पडलाय आणि इकडं ही त्याचं लुगडं फाडायला निघालीय. आणि वेळ साधलीय ती बघा! पण आत्यांना सरळ नाही म्हणून चालत नाही. नाही म्हटलं की त्या ते हातानं टराटरा फाडतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वैतागून जे खरं तेच सांगितलं. "नवं कापड वाकळीत चालत नाही, तुम्हीच तर शिकवलंय मला. खळ असते, सुई शिरत नाही, पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी वाकळ आखडते. नेसून धुवून मऊ झालं की आणा, मग घालते."

नियम त्यांचाच होता. लुगडं उचलून मांडीवर घेतलं. मला वाटलं सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आत्या ते लुगडं नेसून दिवाणावर हजर. कडक कापड चहूबाजूंनी फुगलेलं, त्यात ही एवढीशी बाई. "काय बघतीस?" म्हणाल्या. "मऊ करायलीय."

तेव्हापासून रोज तेच. दिवसभर नेसायचं, दुसऱ्या दिवशी धुवायचं, वाळलं की पुन्हा अंगावर. धुताना असं आपटायच्या की खालच्या मजल्यावरच्या भाभींनी वर येऊन विचारलं, "अम्मा, किस पे गुस्सा है?" आत्या म्हणाल्या, "मेरे भाई पे." भाभी बिचाऱ्या हसत गेल्या. मला मात्र हसू येत नव्हतं. फोन रोज यायचे आणि प्रत्येक फोनला मामा थोडे थोडे कमी व्हायचे. आधी जेवण सुटलं. मग बोलणं कमी झालं. आत्या समोर बसून सगळं ऐकायच्या आणि मी फोन ठेवला की पदर माझ्यापुढं धरायच्या. "बघ, झालं का मऊ?"

मी बोटांत चोळून बघायची. "नाही अजून."

खोटं बोलत होते. सुती-रेशमी कापड ते, केव्हाच लोण्यासारखं झालं होतं. पण एकदा कात्री लागली की संपलं, असं माझं मन सांगत होतं. लुगडं शाबूत आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे. इकडं वाकळीचं काम मात्र भराभर पुढं जात होतं. घोर लागला की माझे हात थांबत नाहीत. बघता बघता मध्यावर आले आणि एकच रिकामी चौकट उरली. तिथं काय घालायचं ते आत्यांनी ठरवलेलंच होतं.

मग त्यांचा धीर सुटला. एका सकाळी लुगडं धुवून, पिळून, तसंच ओलं वाकळीवर पसरलं आणि माझी मोठी कात्री घेऊन खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी देवापुढंही खाली न बसणारी बाई! "तू नाय कापत तर मी कापते. तुझं अजून नाय अजून नाय मला कळायलंय. मी काय खुळी हाय?"

"आत्या, ओलं आहे ते, ओलं कापलं की वाकडं जातं," मी ओरडलेच.

तेवढ्यात फोन वाजला. मामांची सून रडत होती. "वहिनी, पाणीपण घेईनात आता. चमचा लावला की तोंड फिरवतात." फोन स्पीकरवर होता. आत्यांच्या हातातली कात्री उघडीच राहिली. मला वाटलं आता रडतील. कसल्या रडतात! कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी काढायला सांग त्याला."

हे चपला घालून तयारच. मी कपाटातून कोरडी साडी काढली तर आत्यांनी झटक्यात बाजूला सारली. "तेच दे. ओलं असू दे. त्याच्याच अंगावर फेकून येते. घे म्हणावं तुझं, जाताना सोबत ने."

आता काय करावं? नेऊ नये तर माणूस जाईल, न्यावं तर ही जाणाऱ्याला काय बोलेल याचा नेम नाही. शेवटी नेलं, तेच ओलं लुगडं नेसवून. मागच्या सीटवर मी त्यांच्या शेजारी बसले होते. ओल्या लुगड्याचा गारवा मला लागत होता, त्या मात्र ताठ. "आत्या, तिथं काही बोलू नका," मी म्हणाले. "मी हात जोडते." लासूरला मार्केटपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या पावलानं. हे हॉर्न वाजवत होते, कोणी हलेना. तेव्हा पहिल्यांदा आत्या बोलल्या. "उतरू का? चालत जाते मी." आवाज कापत होता, पण तो रागानं की कशानं, ते मला कळेना.

घरात गेलो. मामा पुढच्या खोलीत खाटेवर होते. हाडं उरली होती नुसती. डोळे उघडे, पण दिसत किती होतं कोण जाणे. पोरं, सुना, शेजारपाजार, सगळे उठून बाजूला झाले. आत्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कंबरेला हात. माझ्या मनात आलं, आता फेडतात की काय इथंच! मी त्यांचा दंड धरायला पुढं झाले.

मामांचा हात चाचपडत वर आला आणि आत्यांच्या पदराला लागला. त्यांनी तो बोटांत धरला. काठावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग आवाज आला, इतका बारीक की सगळ्यांनी श्वास रोखला.

"आक्का, हे मी दिलेलं ना?"

आत्यांचे हात कंबरेवरून खाली आले.

"किती मऊ झालंय गं," मामा म्हणाले. "लई नेसलीस. मला वाटलं, टाकून दिलं असशील."

आत्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्या बाईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्या क्षणी मागत होती. मी म्हटलं, "मामा, आम्ही म्हणतो दुसरं काहीतरी नेसा, तर ऐकतच नाहीत. रोज तेच, रोज तेच."

"खुळाच हाय हा," आत्या म्हणाल्या आणि धपकन खाटेवर बसल्या. "भावाचं लुगडं कुणी टाकतं व्हय रे?" त्यांनी सुनेच्या हातातून चमचा घेतला, मामांच्या ओठांना लावला. "तोंड उघड. उघड म्हणते ना. लहानपणापासून हीच खोड."

मामांनी तोंड उघडलं. पाणी आत गेलं. पुन्हा एक चमचा. मग ते म्हणाले, "जुनं झालं हे आता. दिवाळीला नवं घेतो तुला."

दिवाळी पार पलीकडं होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, मामांनाही.

"घे की," आत्या म्हणाल्या. रडत होत्या, नाक पुसायचंही भान नव्हतं, तरी आवाज तोच, माझे टाके उसवायला लावणारा. "पण सोता घेऊन यायचं. कुणाच्या हाती धाडलंस तर बघ."