पांढऱ्या मातीचा गोळा

माझ्या लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि पेढे वाटून होत नाहीत तोच ती त्या शहरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढून बसली. कुठल्या ठाण्याच्या हद्दीत चोऱ्या किती, घरफोड्या किती, बायकांच्या गळ्यातलं ओढून नेल्याच्या तक्रारी किती. हे सगळं म्हणे सरकारच लोकांना बघायला खुलं ठेवतं. ते बघून ती खोली कुठं घ्यायची हे ठरवणार होती. आमच्या वेळी परगावी खोली बघताना नळाला पाणी येतं का एवढंच विचारायचे. आता चोर येतात का तेही विचारतात. विचारू द्या, मला तर कौतुकच वाटलं.

संक्रांत जवळ आली होती. माझी मोठी बहीण, आमची अक्का, कळमनुरीकडच्या तिच्या गावाहून हिंगोलीला माझ्याकडं राहायला आली होती. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि लेक मोबाइलवरून मोठ्यानं वाचत होती. पुणं वाचून झाल्यावर तिनं गंमत म्हणून आपला जिल्हा काढला. पुण्यापुढं आमचे आकडे म्हणजे दर्या में खसखस.

"आई, तुमच्या लहानपणी तर गावात चोऱ्या होतच नसतील," ती म्हणाली.

मला हसू आलं. "न व्हायला काय झालं? माणसंच राहत होती की तिथं. व्हायच्या, पण लिहीत नव्हतं कुणी."

आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या अलीकडं आमचं माहेरचं गाव. तिथं कोंबडी गेली तर बाई अंगणात उभी राहून शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या ऐकून कोंबडी बहुतेक वेळा परत यायची. मोठी वस्तू गेली तर माती टाकायची रीत होती. ठरलेल्या दिवशी गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसानं घरून ओल्या मातीचा गोळा करून आणायचा आणि चावडीमागच्या अंधाऱ्या खोलीत एकट्यानं जाऊन ठेवून यायचा. ज्याचं गेलं त्याच्या घरच्यांनीही आणायचा. ज्यानं चोरलं असेल त्यानं वस्तू गोळ्यात दडवायची. मग ज्या घरची वस्तू, त्या घरच्या बाईनं सगळे गोळे पाण्याच्या काहिलीत विरघळवायचे. वस्तू मिळाली की विषय संपला. कुणी घेतली, काहून घेतली, हे पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. ना शिक्षा, ना बदनामी.

लेकीला हे सांगताना मी रंगात आले आणि अक्काच्या बोरमाळेची गोष्ट निघाली.

अक्काचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात सासरच्यांनी तिच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ घातली होती. माझ्या मायनं ती उतरवून धान्याच्या कणगीत, वर गहू लोटून, ठेवली होती. घरात लग्नाची धांदल. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भिंती पोतारायला गाडीभर पांढरी माती आणून अंगणात टाकली होती. आमच्या बाकीच्या गावाला काळ्या मातीशिवाय दुसरी माती माहीत नव्हती, त्यामुळं तो ढीग बघायलासुद्धा बायका यायच्या. कुठं पापड, कुठं शेवया, कुठं जात्यावर हळद. घर नुसतं बायकांनी भरलेलं आणि सगळ्या एकदमच बोलणाऱ्या. तसा गलका आता लग्नाच्या हॉलमध्ये हजार माणसं कोंबली तरी होत नाही.

त्या गलक्यात बोरमाळ गेली. मायनं कणगी उपसली, गहू चाळला. नाही म्हणजे नाही.

दादांनी सदरा अडकवला. "ठान्यात जाऊन रपट लिहितो."

माय दारात आडवी झाली. "पयलं काय इचारतील? घरात कोन येतं-जातं. मंग कुनाचं नाव सांगनार तुमी?"

नाव एकच निघणार होतं. आमच्या सालगड्याची बायको दिवसभर आमच्या घरात राबायची. आम्ही तिला काकी म्हणायचो. तिच्या काखेला तान्हं लेकरू. माळ गेल्याचं कळल्यापासून ती आमच्या उंबऱ्याबाहेर बसून होती. आत ये म्हटलं तरी येईना. एकदाच बोलली, "बाई, माझं लुगडं झाडून बघा." माय तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी रडल्या. इकडं माळेची खबर अक्काच्या सासरी पोचली तर सोयरीक मोडेल, ही धास्ती होतीच.

दादांनी सदरा काढला आणि दुसऱ्याच दिवशी माती टाकायची ठरली.

काय दिवस होता तो! सारं गाव पदराआड नाहीतर धोतराच्या सोग्याखाली गोळे घेऊन चावडीकडं निघालेलं, आणि जो तो दुसऱ्याच्या गोळ्याच्या आकाराकडं बघणारा. एका म्हाताऱ्यानं कलिंगडाएवढा गोळा आणला. त्याचं इमानही तेवढंच मोठं, हे गावाला कळायला नको का? आमच्या घरच्यांनी अंगणातल्या ढिगातूनच गोळे केले. खोलीत शिरताना सगळ्यांचे चेहरे चोरासारखे दिसत होते.

काहिलीपाशी माय बसली. मी शेजारी उभी राहून घागरीनं पाणी ओतत होते. काळे गोळे एकामागून एक विरघळत होते. एका गोळ्यातून अडकित्ता निघाला. शेजारीण ओरडली, "अगं बया, माझा!" तो कधी गेला होता हे तिलाच आठवत नव्हतं. सगळी चावडी हसली.

मग मायच्या हातात एक पांढरा गोळा आला. तो तिनं दाबला आणि तिचा हात तसाच थांबला. बोटांच्या फटीतून सोन्याचा एक मणी मला दिसला. मायनं झटक्यात हात पाण्यात घातला, तळापासून सगळं ढवळलं, काळं-पांढरं एक केलं, आणि मग माळ वर उचलली. "घावली!"

काकी तिथंच खाली बसली. लोकांनी गूळ वाटला. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मांडवात काकी सगळ्यांच्या पुढं नाचली.

"बघ, असं होतं आमचं गाव," मी लेकीला म्हणाले. खरंच सांगते, माझे डोळे भरून आले होते. ती चावडी, ती माणसं, ती माय आता कुठून आणायची?

"पण पांढरा गोळा म्हणजे तुमच्याच घरातला कुणीतरी," लेक म्हणाली. "कोण होतं?"

"ते इचारायचं नसतं."

"मी व्हते," अक्का म्हणाली.

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले आणि दुसरी उचलली. मी घरातल्या एकेकावर संशय घेऊन बघितला होता, अगदी दादांवरही. नवरीवर कधी आला नव्हता.

"मावशी, स्वतःचीच माळ चोरलीस?"

"माझी कुठली? त्यांची व्हती. माळ गेली तर सोयरीक मोडंल असं वाटलं. मला नांदेडला नर्सिंगला जायचं व्हतं, फारम बी आनला व्हता, मायला ठावं व्हतं. पन काकी उंबऱ्याभाईर येऊन बसली, अन् तिचं ते लेकरू... मला घास गिळंना. मंग ठेवली परत."

"आणि आजीला कळलं?"

"तवाच कळलं. मी मुद्दाम पांढऱ्या मातीत ठेवली. म्हनलं, माय बघंल, रातच्याला जवळ घेईल अन् इचारंल, काहून गं केलंस? लग्नापत्तुर वाट पायली. मायनं डोक्याला तेल लावलं, हळद लावली, लाडू भरवले. इचारलं न्हाई."

मला एकदम मायचा राग आला. मग तिचीच कीव आली. रीत तिनं बराबर पाळली होती. काकीला वाचवणारी तीच रीत होती. नवरा वाईट मिळाला नाही, अक्काचा संसारही चांगला झाला, हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं.

लेक मोबाइल बाजूला ठेवून अक्काजवळ सरकली. "आजीनं विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

अक्कानं शेंग खाली ठेवली. मग माझ्या लेकीकडं बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माय, मला इतक्यात नको गं."