पुढच्या कार्बोरेटरातलं तेल

पौषातली थंडी म्हणजे रत्नागिरीला आलेली लांबची पाहुणी. राहते चार दिवस, पण तेवढ्यात अख्खं गाव कानटोप्या शोधायला लागतं. त्या दिवशी मांडवीच्या गल्लीत धुकं असं बसलं होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. शिवा पिलणकरने गॅरेजचं शटर वर केलं, हात काखेत घालून जरा ऊब घेतली आणि पिशवी भरायला घेतली. प्लगचा पाना, पक्कड, चिंध्या आणि हातभर रबरी नळी. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, की इंजिन आपलं दुखणं आपणच सांगतं, असं तो म्हणायचा.

शिवा बासष्ट वर्षांचा. मुंबईत एका पारशाच्या गॅरेजात अकरा वर्षं शिव्या खाऊन तो गावी परतला, तेव्हा दोन कार्बोरेटरांची गाडी जुळवून देणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. आताही नाही, कारण आता तशा गाड्याच उरल्या नाहीत. कामात त्याचं एकच सोवळं होतं, तात्पुरतं काही करायचं नाही. त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ सदू त्याच्या हाताखाली होता. त्याने एकदा गळक्या टाकीला साबण थापून गिऱ्हाईक वाटेला लावलं. शिवाने चार माणसांदेखत त्याच्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाला, "टेम्परवारी कामं करायची तर सर्कशीत जा." त्याला सोळा वर्षं झाली. सदू दारात आलेला नाही. बायको भाऊबीजेला एकटीच जाते.

आज जायचं होतं विनीत मयेकरच्या बंगल्यावर. विनीत मुंबईचा, पण बापाची जुनी लाल विलायती गाडी इथेच शेडमध्ये ठेवलेली. ती महिनाभर सकाळी सकाळी लंगडत होती. चालू केली की उभ्या जागी थरथरायची, काळा धूर टाकायची, बंद पडायची. दुपारी गॅरेजात आणली की शहाण्या लेकरासारखी चालायची. कोल्हापूरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, पॉइंट बदलले, पेट्रोलचा पंपही बदलला. गुण नाही. सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची फेरी होती, आणि 'आमच्या रत्नागिरीत एक माणूस आहे' असं विनीत तिथे सगळ्यांना सांगून बसला होता. शेवटी शिवाने सांगितलं, "ताप उतरल्यावर नाडी बघून काय उपयोग? रात्रभर गाडी हलवू नका. चावीला हात लावू नका. मी उजाडता येतो."

तो पोचला तेव्हा विनीत अंगावर शाल घेऊन शेडमध्येच उभा होता. बंगल्याची राखण करणारी सखू अंगण झाडत होती. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती मागच्या खोलीत राहायची.

"आज सोडायची नाही हां काका," विनीत म्हणाला.

"मी कधी सोडलीय?"

गाडी चालू केली. लंगडी घालत सुरू झाली. शिवाने मागच्या कार्बोरेटरला नळी लावली. हवा सरळ, भरदार ओढली जात होती. पुढच्याला लावली, तर दमेकऱ्याचा श्वास. इंजिन बंद करून प्लग काढले. मागचे दोन भाजक्या विटेच्या रंगाचे, पुढचे दोन काजळीने माखलेले.

"दुखणं पुढच्यात हाय," तो म्हणाला आणि त्याला जुना आनंद झाला. असला आनंद त्याला आता वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या वेळी मिळायचा.

या कार्बोरेटरांच्या डोक्यावर घंटेसारखी टोपी असते. तिच्यात एक दट्ट्या हवेच्या ओढीने वरखाली होतो. त्याने धसमुसळेपणा करू नये म्हणून वरच्या नळीत थोडं इंजिनचं तेल असतं. शिवाने मागचा दट्ट्या बोटाने उचलून सोडला. खट्‌कन खाली बसला. पुढचा जागचा हलेना. त्याने टोपीवरची, नळीतल्या तेलात बुडालेली काडी फिरवून वर ओढली. काडीला मेणासारखं पांढरं काहीतरी लगडून आलं. चिमटीत धरल्याबरोबर ते विरघळलं.

खोबरेल.

थंडीत थिजणार, इंजिन तापलं की पाणी होणार. इथल्या घराघरांत पौषात तेलाची बाटली चुलीशी सरकवतात, मग हे कळायला का मेकॅनिक लागतो? महिनाभराचं कोडं सुटलं होतं. आणि ते तेल त्यानेच घातलं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पाऊस झोडपत होता. विनीतला बापाच्या गाडीतूनच मूर्ती आणायची होती आणि गाडी रेस दिली की आचके देत होती. पुढच्या नळीतलं तेल संपलं होतं. तेलाचा डबा गॅरेजात, बाजार बंद, गणपतीच्या शाळेतून, मूर्तिकाराकडून, फोनवर फोन. विनीत आत कपडे बदलत होता. शिवाने हाक मारली, "सखू, वाटीभर खोबरेल दे गो." इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरून चार थेंब पाडले असते तरी भागलं असतं. पण घाई. ऑगस्टात खोबरेल पाण्यासारखं पातळ. दोन दिवसांनी येऊन बदलू, म्हणाला. मग आरत्या झाल्या, विसर्जन झालं, दिवाळी झाली.

"काय आहे ते?" विनीतने पुढे वाकून काडीचा वास घेतला. "खोबरेल? इंजिनात?" तो वळला. "सखू! तुला किती वेळा सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही!"

सखू आधी हसली. तिला वाटलं, चेष्टाच आहे. "मी कशाला लावू? गणपतीत शिवादादांनीच मागलानी ना तेल. मी वाटी आणून दिली. काय ओ दादा?"

दोघं शिवाकडे बघायला लागले.

सांगणं सोपं होतं. 'हो, मीच घातलं, विसरलो.' एवढंच. पण त्या फेरीतली सगळी माणसं, कोल्हापूरचा मेकॅनिक, आणि का कोण जाणे, सदू, असे सगळे त्या शेडमध्ये येऊन उभे राहिले. शिवाने काडी चिंधीने पुसली. एकदा पुसली, परत पुसली.

"मी?" तो म्हणाला. "मी इंजिनात खोबरेल घालीन?"

विनीत हसला. "खोटं तरी नीट बोल गं. शिवाकाका खोबरेल घालतील!" मग त्याचं हसणं गेलं. "घातलंस ते घातलंस, कबूल केलं असतंस तर सोडून दिलं असतं. वर या माणसावर ढकलतेस? आजच्या आज खोलीची चावी दे."

सखूने हातातला खराटा भिंतीला टेकवला आणि ती आत गेली. शिवाने टोपीतली नळी धुतली, इंजिनचं तेल भरलं, टोपी बसवली, दोन्ही कार्बोरेटरांची हवा सारखी करून दिली. गाडी थंडीतच अशी लागली की बोनेटवर ठेवलेला पाना हलेना.

अकराच्या सुमारास सखू गॅरेजसमोर उभी राहिली. काखेत बोचकं, हातात पिशवी.

"जातंय मी. गुहागरच्या गाडीनं. वेळणेश्वरास, भावाकडे."

"सखू, मी बोलतो त्याच्याशी. जरा शांत होऊंदे."

"बोलायचं होतं ते सकाळी." तिचा आवाज चढला नव्हता. "तेलाचं मला काय वाटत नाय दादा. खोटारडी म्हणालान मला. बारा वर्षांत पडलेला नारळ पण इचारल्याबिगर उचलला नाय मी त्या घरातला."

शिवा हातातल्या प्लगकडे बघत राहिला.

"सदूला हाकललंत, तवा सगळी तुमाला शिव्या घालीत होती. मी म्हटलं, माणूस कडक हाय, पण खरा हाय." ती बोचकं सावरत निघाली. चार पावलांवरून म्हणाली, "वयनींना सांगा, गेली म्हणून."

ती वळणाआड गेल्यावर शिवाने फोन काढला. विनीतचं नाव शोधलं. त्याच्याकडूनच काही आलेलं होतं. त्याने गाडीचा आवाज पाठवला होता, अर्धा मिनिट, अगदी एकसारखा, कुठे ठेच नाही. खाली लिहिलं होतं, 'काका, तुम्ही देवमाणूस.' शिवाने आवाज पुरता ऐकला. बोट हिरव्या बटणावर आणलं, फोनचा उजेड विझेपर्यंत तिथेच ठेवलं, आणि फोन न लावताच खिशात टाकला.

"ओ शिवादादा!" दर्शनची रिक्षा ढकलतच दारात आली. मागे दोन कोळणी पाट्या मांडीवर घेऊन बसलेल्या. "क्लचची वायर तुटली. लवकर करा, या दोघी मला बांगड्याबरोबर विकतील आज."

"तुला कोण घेतंय रे मेल्या!" आतून एक म्हणाली.

शिवाने गोणपाट अंथरलं आणि रिक्षेखाली आडवा झाला. तुटकी वायर ओढून काढली, नवी ग्रीसमध्ये बुडवली आणि नळीत सरकवायला घेतली.